शिराझचे जॉर्जियन हाकिम: उंदिलाद्झे घराणं, होर्मुझ आणि जुनं गोवं

निशिगंध

इराणचा सफवी शाह अब्बास पहिला याचं नाव निघालं की इस्फहानचा चौक, मशिदी आणि गालिचे यांवर भरभरून बोललं जातं. ते वैभव ज्यांच्या तलवारीवर आणि तिजोरीवर उभं राहिलं, त्या माणसांची नावं मात्र आपल्याकडे फारशी कानावर येत नाहीत. त्यांतलं सगळ्यात मोठं घराणं मूळचं जॉर्जियन आणि ख्रिस्ती होतं. उंदिलाद्झे हे त्यांचं आडनाव. बाप अल्लाहवर्दी खान, मुलगे इमाम कुली खान आणि दाऊद खान. १५९५ च्या सुमारास फार्स प्रांत, म्हणजे शिराझ आणि भोवतालचा मुलूख, बापाच्या हाती आला. १६३२ मध्ये नव्या शाहाच्या हुकमावरून मोठा मुलगा स्वतःच्या मुलांसह मारला गेला. मधल्या ३७ वर्षांत दक्षिण इराणमध्ये शाहाखालोखाल याच घराण्याचा शब्द चालत होता.

अल्लाहवर्दी वर कसा आला ते कळायला अब्बासच्या आधीची स्थिती बघावी लागते. सफवी गादी उभी होती किझिलबाश या तुर्कमान टोळ्यांच्या जोरावर. प्रांत त्यांच्याकडे, घोडदळ त्यांचं, आणि शाह लहान किंवा दुबळा असला की गादीवर कोण बसणार हेही तेच ठरवायचे. अब्बासलाच मुर्शिद कुली खान उस्ताजलू या किझिलबाश सरदाराने गादीवर बसवलं आणि सगळा कारभार आपल्या मुठीत ठेवला. १५८९ मध्ये, ऐन अठराव्या वर्षी, अब्बासने त्याचा खून करवला. त्या कटात अल्लाहवर्दीचाही हात होता. दरबारातल्या सोनारकामाच्या कारखान्याचा तो प्रमुख झालेला होता, पण त्याची खरी वाढ त्या खुनानंतर झाली.

अब्बासला अशी माणसं हवी होती ज्यांना टोळी नाही, जमीन नाही, मागे भाऊबंद नाहीत. कॉकेशसमधून पकडून आणलेली जॉर्जियन, आर्मेनियन, चेर्केस मुलं मुसलमान करून राजवाड्यात वाढवली जायची. त्यांना गुलाम म्हणत, आणि त्यांची फौज थेट शाहाची असायची. ही पद्धत आधीपासून होती. अब्बासने तिला राज्याचा कणा केलं. या फौजेचा सरदार म्हणजे कुल्लर-आगासी, आणि अल्लाहवर्दी तिथवर पोचला. फार्स मिळाल्यावर तो किझिलबाश अमिरांच्या बरोबरीने बसणारा पहिला गुलाम ठरला. पुढे कोहगिलुयेही त्याच्याकडे आलं. १५९८ मध्ये फरहाद खान करामानलू या सेनापतीवर शाहाची मर्जी फिरली. त्याला मारायचं काम अल्लाहवर्दीला सांगितलं गेलं, आणि मग सेनापतिपदही त्यालाच मिळालं.

धागा लांब होणार आहे. इमाम कुलीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते.

तांबडफुटी

वाचतेय. एक विचारायचं होतं. पकडून आणलेला मुलगा, धर्म बदललेला, घर तुटलेलं. असा माणूस पुढे आपल्या मुलखाशी काही नातं ठेवून असायचा का? की ते सगळं पुसलं जायचं?

निशिगंध

तांबडफुटी, पुसलं जात नव्हतं. भाषा टिकायची, कुळाचं नाव टिकायचं, आणि दरबारात जॉर्जियन माणसं इतकी होती की जिकडेतिकडे ओळखीचे सूर ऐकू येत असणार. अब्बासचा नातू शाह सफी याची आई दिलाराम खानम हीसुद्धा जॉर्जियन होती. जनानखान्यात, फौजेत, कारखान्यांत, सगळीकडे तीच माणसं. तिकडे कार्तली आणि काखेती या जॉर्जियन राज्यांचे राजपुत्र ओलीस म्हणून किंवा नोकरीसाठी इस्फहानला राहायचे. उंदिलाद्झेंच्या दुसऱ्या पिढीत हे नातं इतकं जिवंत होतं की त्यानेच घराण्याचा घात केला. ते पुढे येईलच.

अल्लाहवर्दीचं एवढ्यात आटोपत नाही. १६०१-०२ मध्ये त्याने लार जिंकलं आणि बहरीन घेतलं. बहरीन तोवर होर्मुझच्या राजाकडे, म्हणजे पर्यायाने पोर्तुगीजांकडे होतं. त्याच सुमाराला इस्फहानमध्ये झायंदे रूद नदीवर त्याच्या देखरेखीखाली ३३ कमानींचा पूल उभा राहिला. लांबी जवळजवळ ३०० मीटर. चहार बाग हा शहरातला मोठा रस्ता त्या पुलावरून पलीकडे जातो. नंतर अब्बासने अझरबैजान सरहद्दीवरच्या जुल्फाहून उठवून आणलेल्या आर्मेनियन व्यापाऱ्यांना पलीकडेच वसवलं, ते नवं जुल्फा. लोक आजही या पुलाला अल्लाहवर्दी खानाचा पूल म्हणून ओळखतात.

जून १६१३ मध्ये तो इस्फहानला वारला. दरबारी इतिहासकाराने एक हकीकत नोंदवली आहे. मशहदला इमाम रझांच्या दर्ग्याजवळ खानाने स्वतःसाठी कबरीची इमारत बांधायला घेतली होती. तिच्यावरचा देखरेख्या इस्फहानला आला तेव्हा खानाने कामाची चौकशी केली. तो म्हणाला, काम पुरं झालंय, आता आपल्या येण्याचीच वाट आहे. ऐकणाऱ्यांना ते शब्द अशुभ वाटले, आणि थोड्याच दिवसांत खान गेला. शाह स्वतः त्याच्या प्रेतयात्रेत चालला. एका गुलामासाठी शाहाने असं चालणं ही दरबाराच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती.

दर्यावर्दी

निशिगंधताई, होर्मुझवर मी लिहू का? पोर्तुगीज आरमाराचं वाचन करताना इमाम कुली खान सारखा समोर यायचा.

निशिगंध

अवश्य लिहा, दर्यावर्दी. त्या लढाईबद्दल तुमच्याकडून वाचायला आवडेल.

दर्यावर्दी

होर्मुझ हे इराणी आखाताच्या तोंडाशी असलेलं छोटंसं, ओसाड बेट. गोडं पाणी जवळजवळ नाही. झाडझाडोरा नाही. तरी तिथला बाजार आशियातल्या मोठ्या बाजारांपैकी एक होता, कारण आखातात शिरणारं प्रत्येक गलबत त्याच्या समोरून जायचं. अल्बुकर्कने आधी १५०७ मध्ये आणि मग कायमचं १५१५ मध्ये ते घेतलं. तेव्हापासून होर्मुझ आणि गोवं ही एकाच साखळीची दोन टोकं झाली. दख्खनच्या सुलतानांना, विजयनगरला लागणारे अरबी-इराणी घोडे होर्मुझहून गोव्यात उतरायचे, आणि त्यांच्यावरची जकात हा गोव्याच्या तिजोरीचा मोठा आधार होता. आपल्या मुलखातल्या पागांमध्ये बांधलेल्या कित्येक घोड्यांचा रस्ता त्या बेटावरून आलेला आहे.

अब्बासला हे बेट सलत होतं. बापाच्या मृत्यूनंतर इमाम कुली फार्सचा हाकिम झाला, त्याच सुमारास इराण्यांनी समोरच्या किनाऱ्यावरचं गोम्ब्रून पोर्तुगीजांकडून काढून घेतलं. तेच पुढचं बंदर अब्बास. पण बेटावर जायचं तर जहाजं हवीत, आणि इराणकडे आरमार नव्हतं.

इथे इमाम कुलीचं डोकं दिसतं. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं रेशीम उचलायला किनाऱ्यावर आली होती. खानाने त्यांना सांगितलं की लढाईत साथ द्या, नाहीतर रेशीमही मिळणार नाही आणि व्यापाराच्या सवलतीही जातील. त्या वेळी इंग्लंड आणि स्पेन-पोर्तुगालचा राजा यांच्यात युद्ध नव्हतं, त्यामुळे कंपनीचे लोक बिचकत होते. शेवटी करार झाला. लुटीत अर्धा वाटा, गोम्ब्रूनच्या जकातीत अर्धा वाटा, इंग्रजी मालाला जकात माफ, आणि ख्रिस्ती कैदी इंग्रजांच्या ताब्यात.

पुढचं सगळं पाण्यावर ठरलं. होर्मुझला गोडं पाणी शेजारच्या केश्म बेटावरून यायचं. १६२१ मध्ये रुय फ्रेरी द आंद्राद या पोर्तुगीज सरदाराने त्याच विहिरींच्या राखणीसाठी केश्मवर किल्ला बांधला होता. खानाच्या फौजेने जमिनीवरून आणि इंग्रजांनी समुद्रावरून आधी तोच घेरला. विल्यम बॅफिन हा उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रांचा नकाशा काढणारा प्रसिद्ध दर्यावर्दी जानेवारी १६२२ मध्ये तिथंच पडला. किल्ला पडला, रुय फ्रेरी कैद होऊन सुरतेला नेला गेला आणि तिथून निसटला. फेब्रुवारीत इराणी सैन्य होर्मुझवर उतरलं. सुमारे दहा आठवडे सुरुंग लावणं, भिंतीला भगदाड पाडणं, तहानेने आणि रोगाने माणसं मरणं असं चाललं, आणि वसंतात किल्ला शरण आला. पोर्तुगीजांची आखातावरची शंभर वर्षांहून जुनी पकड त्या दिवशी सुटली.

लंडनमध्ये या विजयाचा हिशोब वेगळाच निघाला. लुटीतला वाटा म्हणून कंपनीला राजाला १०,००० पौंड आणि बकिंगहॅमच्या ड्यूकला १०,००० पौंड मोजावे लागले.

अनघड

दर्यावर्दी, जबरदस्त. याच वेळी त्या किनाऱ्यावर एक इटालियन प्रवासी अडकून पडला होता, पिएत्रो देल्ला वाल्ले. होर्मुझकडून जहाज पकडून भारतात यायचं म्हणून तो किनाऱ्याकडे निघाला आणि ही लढाई आडवी आली. मिनाबला त्याची बायको मानी तापाने आणि गर्भपाताने गेली, डिसेंबर १६२१ अखेर. त्याने तिचं शव मसाले भरून सोबत घेतलं. तो सुरत, खंबायत, अहमदाबाद, चौल करत १६२३ मध्ये गोव्याला पोचला, तिथून इक्केरीच्या नायकाच्या दरबारातही गेला. त्याच्यासोबत एक अनाथ जॉर्जियन मुलगी होती, तिनातिन नावाची. मानीने तिला सांभाळलं होतं. पुढे रोमला पोचल्यावर त्याने तिच्याशीच लग्न केलं.

म्हणजे होर्मुझ घेणारा खान मूळचा जॉर्जियन, आणि त्याच युद्धातून वाट काढत कोकणच्या किनाऱ्याने गोव्यापर्यंत आलेली ही पोरही जॉर्जियन. त्या काळात कॉकेशसमधून किती माणसं उखडून कुठवर फेकली गेली होती, याचा अंदाज येतो.

पणजीकर

अनघड, आता मला राहवत नाही. जुन्या गोव्याची गोष्ट यायलाच हवी.

मोन्ती सांतोवर, म्हणजे जुन्या गोव्याच्या पवित्र टेकडीवर, सेंट ऑगस्टीनचं चर्च होतं. आता एक उंच मोडका मनोरा आणि पायाच्या भिंती उरल्यात. १८३५ मध्ये धर्मसंघ हद्दपार झाले, १८४२ मध्ये छप्पर कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भागाचा मोठा हिस्सा पडला. पर्यटक मनोऱ्यासमोर फोटो काढून जातात. पण त्या भिंतींच्या आत शिराझहून आणलेल्या एका राणीच्या अस्थी होत्या.

राणी केतेवान, काखेतीची. नवरा मरण पावल्यावर मुलगा तैमुराझ राजा झाला. अब्बासने काखेतीवर चाल केली तेव्हा १६१४ मध्ये तिला बोलणी करायला पाठवलं गेलं, आणि शाहाने तिला ओलीस ठेवून घेतलं. तिचे दोन नातू, लेवान आणि अलेक्झांडर, हेही शाहाकडे ओलीस होते. शाहाने त्यांना खच्ची करवलं. राणी दहाएक वर्षं शिराझमध्ये राहिली. धर्म सोड असा हुकूम आला, तिने नकार दिला. सप्टेंबर १६२४ मध्ये तापलेल्या सांडशांनी तिचे हाल करून तिला मारलं.

पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्री तेव्हा शिराझमध्ये होते. त्यांनी गुपचूप तिचे अवशेष मिळवले. काही अवशेष १६२८ मध्ये जॉर्जियात तिच्या मुलाकडे पोचले, हाताचा भाग १६२७ मध्ये गोव्याला आला आणि ऑगस्टीनच्या मठात ठेवला गेला. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागेचा उल्लेख होता, एका दालनातल्या खिडकीजवळची दगडी पेटी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केलं आणि २००४ च्या आसपास हाताचं हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासला. आईकडून येणारा वंशगट यू१बी निघाला, जो जॉर्जियात आढळतो आणि भारतीय नमुन्यांत मिळाला नाही. २०१७ मध्ये अवशेष दर्शनासाठी जॉर्जियाला गेले, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांतला एक भाग तिबिलिसीत कायमचा सुपूर्द केला.

आणि आता मुद्दा. १६२४ मध्ये शिराझचा हाकिम कोण होता? इमाम कुली खान. शाहाचा हुकूम त्याच्याच शहरात अमलात आला.

तांबडफुटी

पणजीकर, वाचून पोटात कालवलं. मी दोनदा गेलेय त्या टेकडीवर, आणि यांतलं काहीच माहीत नव्हतं.

इमाम कुलीच्या जागी उभं राहून विचार केला तर काय दिसतं? समोर आपल्याच देशाची, आपल्याच भाषेची म्हातारी राणी. आपला आजा-पणजा जो धर्म मानायचा तो सोडायला ती तयार नाही. आणि हुकूम देणारा तो शाह, ज्याने आपल्या बापाच्या प्रेतामागे पायी चालून दाखवलं.

बखरवाला

तांबडफुटी, तो प्रसंग मनाला भिडणारा आहे, पण इमाम कुलीला आपण आजच्या राष्ट्रीयतेच्या डोळ्यांनी बघू नये असं मला ठामपणे वाटतं. तो इराणमध्ये वाढलेला, शिया मुसलमान, सफवी सरदार होता. शिराझमध्ये त्याने मद्रसा बांधला, १६१५ च्या सुमारास, तो मद्रसा-ए-खान आजही उभा आहे. मुल्ला सद्रा हा इराणचा सगळ्यात मोठा तत्त्वज्ञ तिथं शिकवायचा. त्या माणसाची निष्ठा शाहावर होती. हुकूम मोडला असता तर त्याच दिवशी घराणं संपलं असतं.

तांबडफुटी

बखरवाला, निष्ठा होती म्हणून वेदना नसेल असं कसं म्हणायचं? आणि हुकूम पाळूनही घराणं संपलंच की, आठ वर्षांनी.

निशिगंध

तुम्ही दोघंही ज्या जागी पोचलात तिथूनच मला पुढे लिहायचं आहे.

इमाम कुलीचा थाट फार्समध्ये राजासारखा होता. १६२८ मध्ये इंग्लंडच्या वकिलातीबरोबर आलेला थॉमस हर्बर्ट शिराझला त्याचा पाहुणा होता, आणि त्याने मेजवानीचं सविस्तर वर्णन लिहून ठेवलंय. स्वतःचं सैन्य, स्वतःची बंदरं, होर्मुझनंतर वाढलेली जकात. प्रवाशांनी सांगितलेली एक गोष्ट अशी की शाह अब्बास त्याला म्हणाला, रोजचा खर्च माझ्यापेक्षा एक दिरहम तरी कमी कर, म्हणजे शाह आणि खान यांत काही फरक उरेल. म्हणणारा खूश होऊन म्हणाला असेल. पण असं वाक्य राजाच्या मनात एकदा उमटलं की ते पुढच्या राजाच्या मनात वेगळ्या अर्थाने उतरतं.

अब्बासने स्वतःचं घर आतून रिकामं केलं होतं. थोरला मुलगा १६१५ मध्ये मारवला. दुसऱ्या दोघांचे डोळे काढवले. जानेवारी १६२९ मध्ये तो मेला तेव्हा गादीवर बसायला उरला नातू, तो शाह सफी म्हणून बसला. जनानखान्यात वाढलेला कोवळा मुलगा, भोवती संशय. त्याला बसवण्यात खुस्रो मिर्झाचा मोठा हात होता. हा कार्तलीच्या राजघराण्यातला जॉर्जियन, इस्फहानचा दारोगा. सफीने त्याला कुल्लर-आगासी केलं. म्हणजे ज्या जागेवर कधी अल्लाहवर्दी होता, तिथे आता दुसरं जॉर्जियन घर आलं. आणि हे राजवंशातलं होतं, पकडून आणलेलं नव्हतं. दोन्ही जॉर्जियन, म्हणून एकमेकांचे असं मुळीच नाही.

तिकडे कॉकेशसमधल्या गांजा-काराबाग प्रांताचा हाकिम होता इमाम कुलीचा धाकटा भाऊ दाऊद खान. तो काखेतीच्या तैमुराझला, म्हणजे केतेवानच्या मुलालाच, मिळाला. १६३२ मध्ये दोघांनी उठाव केला, त्यात गांजा शहरातले काजार या किझिलबाश टोळीचे सरदार मारले गेले. वर एक जुनी कुजबुज पुन्हा पसरली. अब्बासने आपल्या जनानखान्यातली एक गरोदर स्त्री इमाम कुलीला दिली होती, आणि खानाचा एक मुलगा प्रत्यक्षात शाह अब्बासचाच आहे, असं बोललं जायचं. खरं काय ते बाजूला ठेवा. सफीच्या कानाला ही कुजबुज बंडापेक्षा भयंकर होती, कारण तिच्यात गादीचा दुसरा वारस होता.

इमाम कुलीला दरबारात बोलावलं गेलं. जवळच्यांनी सावध केलं असणारच. तरी तो शिराझ सोडून काझविनला गेला. तिथे त्याला आणि त्याच्या मुलांना मारलं.

बखरवाला

निशिगंधताई, म्हणजे कारण दाऊदचं बंड. भावाने घात केला.

निशिगंध

बंड हे निमित्त होतं असं मला वाटतं, आणि त्याला आधार आहे. सफीने नुसतं हेच घराणं मारलेलं नाही. १६३० मध्ये झैनल खान शामलू हा किझिलबाश सरदार मारला. १६३२ च्या सुरुवातीला ईसा खान कुर्चीबाशी, म्हणजे शाहाच्या किझिलबाश खास पथकाचा सरदार, आणि त्याचे मुलगे मारले, आणि ते मुलगे तर शाह अब्बासच्या मुलीच्या पोटचे होते. ज्याच्याभोवती दुसरा राजा उभा राहू शकेल असं प्रत्येक घर तो उपटत होता. मग तो किझिलबाश असो, शाहाचा नातलग असो की जॉर्जियन.

शिवाय इमाम कुलीचं घर आता मुळात ज्या कामासाठी उभं केलं होतं त्याच्या उलट झालं होतं. अब्बासला हवी होती बिनामुळाची माणसं. पण फार्स बापाकडून मुलाकडे गेला, मुलाची मुलं मोठी झाली, फौज खानाची, बंदरं खानाची, मद्रसे आणि पूल खानाच्या नावाचे. किझिलबाश सरदार जसे प्रांत धरून बसले होते, तसंच हे घर दोन पिढ्यांत झालं. बंड झालं नसतं तरी कुठल्या ना कुठल्या वर्षी हा हिशोब मांडला गेलाच असता, असं माझं स्पष्ट मत आहे.

अनघड

हे वाचताना आपल्याकडचा मलिक अंबर आठवणारच. तोही विकला गेलेला हबशी मुलगा, दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा खरा कारभारी झाला. खडकी वसवली, जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षं दमवलं. अल्लाहवर्दी, इमाम कुली आणि अंबर हे सगळे एकाच काळातले. अंबर १६२६ मध्ये गेला, मुलगा फत्तेखान पुढे आला, आणि १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांच्या हाती पडलं. म्हणजे इकडे आणि तिकडे, दोन्ही घराण्यांचा खेळ जवळजवळ एकाच वेळी संपला.

बखरवाला

अनघड, साम्य आहे, पण एक मोठा फरक सोडू नका. अंबरने निजामशहा स्वतः गादीवर बसवला होता. सुलतान दुबळा आणि वजीर बलवान, असं ते चित्र. इमाम कुलीच्या डोक्यावर मात्र बहुतेक सगळा काळ शाह अब्बास होता, जो आपल्या मुलांनाही सोडत नव्हता. उंदिलाद्झेंनी शाह बनवला नाही, शाहाने उंदिलाद्झे बनवले. म्हणून फत्तेखानाला मुघलांकडे जाऊन जगता आलं. इमाम कुलीला जायला कुठे जागाच नव्हती.

दर्यावर्दी

बखरवाला, हे पटलं. जागा फक्त दाऊदकडे होती, कारण त्याचा प्रांत जॉर्जियाला लागून होता.

होर्मुझचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. पोर्तुगीज मस्कतला सरकले, तेही १६५० मध्ये ओमानच्या अरबांनी घेतलं. होर्मुझचा बाजार उठून बंदर अब्बासला गेला. बेट पुन्हा ओसाड. गोव्याच्या उत्पन्नाला बसलेला धक्का कायमचा होता. डच आणि इंग्रज समुद्रावर वाढत होते, आणि आखाताचं कुलूप हातातून गेलेलं.

शेवंती

उशिरा आले धाग्यावर. पहिल्यापासून सगळं वाचलं.

माझा एक प्रश्न. अब्बासने काखेतीवर चाल केली, राणीला मारलं. मग सामान्य जॉर्जियन लोकांचं काय झालं? खान आणि राण्यांची नावं राहतात, बाकीच्यांचं?

निशिगंध

शेवंती, ही बाजू यायला हवी होती. १६१४ ते १६१७ च्या मोहिमांत काखेती उजाड झालं. लाखाच्या घरात माणसं तिथून उठवून इराणमध्ये वसवली गेली, शेतीला आणि रेशमाच्या कामाला. इस्फहानच्या पश्चिमेला डोंगरात फेरेदुनशहर आणि आसपासची गावं आहेत, तिथे त्यांचे वंशज अजून राहतात. धर्माने शिया मुसलमान झाले, पण घरात जॉर्जियन बोली बोलतात. चारशे वर्षं झाली. एखाद्या खानाच्या कबरीपेक्षा मला ही बोली जास्त मोलाची वाटते.

ज्या काळात इमाम कुली होर्मुझ जिंकत होता, त्याच काळात ही कुटुंबं डोंगराळ जमीन नव्याने फोडत होती. शाहाच्या व्यवस्थेत एकाच मुलखाची माणसं कुणी हाकिम झाली, कुणी कुळं झाली.

पणजीकर

शेवंतीताईंच्या प्रश्नाला जोडून सांगतो. तैमुराझने आईच्या हौतात्म्यावर जॉर्जियन भाषेत काव्य लिहिलं. त्या राज्यात वर्षानुवर्षं लढाया चालल्या होत्या, गादी जात-येत होती, तरी त्याने ते लिहून ठेवलं. लिस्बनच्या ग्रासा मठात तिच्या छळाचं चित्र निळ्या टाइल्सवर आहे. जॉर्जियन चर्च सप्टेंबरच्या २६ तारखेला तिचा दिवस पाळतं.

जुन्या गोव्याला जाणाऱ्यांसाठी: बासिलिका बघून झाल्यावर टेकडीकडे जाणारा रस्ता धरा, मनोरा दुरूनच दिसतो. आवारात फिरताना फरशीवरच्या पोर्तुगीज थडग्यांचे दगड आणि भिंतींवर उरलेल्या टाइल्स बघा. आणि मुलांना घेऊन गेलात तर त्यांना ही गोष्ट तिथंच सांगा.

तांबडफुटी

पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन जाणार, नक्की.

निशिगंध, शेवटचं एक. इमाम कुलीनंतर फार्सचं काय झालं? दुसरा जॉर्जियन आला का?

निशिगंध

नाही. फार्स खालसा झाला. म्हणजे तिथे स्वतःची फौज बाळगणारा हाकिम नेमायचा नाही, शाहाचा वजीर वसुली करणार आणि पैसा सरळ दरबारी खजिन्यात जाणार. अब्बासच्या काळातच काही प्रांतांचं असं झालं होतं, कारण गुलामांच्या फौजेला पगार त्या पैशातून द्यायचा होता. सफीच्या काळात सारू तकी हा वजीर आला आणि त्याने ही पद्धत आणखी वाढवली. ताबडतोब खजिना भरला, पण सरहद्दीच्या प्रांतांत ज्याला आपली जमीन राखायची पडलीय असा सेनापती उरला नाही. पुढच्या शंभर वर्षांत इराणला हे महागात पडलं.

खुस्रो मिर्झा मात्र जिंकला. सफीने त्याला कार्तलीचा वाली नेमलं, रोस्तोम या नावाने, आणि तो १६५८ मध्ये मरेपर्यंत तिथे राज्य करत राहिला. बाहेरून मुसलमान दरबारी, आणि लग्न मात्र जॉर्जियन राजघराण्यांशी जुळवलेलं. उंदिलाद्झेंना जे जमलं नाही ते त्याला जमलं, कारण त्याच्या पायाखाली स्वतःचा मुलूख होता.

अजून एक जॉर्जियन घराणं आहे, साआकाद्झे. त्यातला रुस्तम खान सफीचा सेनापती झाला, तब्रिझचा हाकिम झाला, आणि १६४३ मध्ये, सफीनंतरच्या शाहाच्या कारकिर्दीत, मशहदला मारला गेला. त्याचं चरित्र फारसीत लिहिलं गेलं. त्याच्यावर वेगळा धागा काढते, इथे मावणार नाही.